काचेच्या कपाटातलं लाल हँडल

वादळात अकरा माणसं वाचवणारं लाइफबोटीचं हँडल म्हणतात ते मीच! म्हणजे, साहेब म्हणतात. वाचवली आमच्या आजोबांनी. मी तेव्हा कारखान्यात नुसती सळई होतो.

शिक्षण म्हणाल तर एकच धडा: इंजिनात शिरायचं आणि गोल फिरायचं. खानदान मात्र मोठं. आधी बोटीला वल्ही होती, तळहात सोलून निघायचे. मग पेट्रोलचं इंजिन आलं. ते पाणी उडालं की जावयासारखं रुसायचं. मग डिझेलचं आलं, आणि त्याला जागं करायला आजोबा. आता बटण आहे. पण बॅटरी मेली की बटणवाले मलाच शोधतात.

साहेब जहाजावर चीफ इंजिनिअर. त्यांच्या निवृत्तीआधी बोटीचं इंजिन बदललं. आजोबांच्या टोकाला खाच, माझ्या टोकाला पिन. नव्या इंजिनाला मीच बसतो. पण आजोबांना फेकवेना, म्हणून साहेबांनी त्यांना माझ्याशेजारीच टांगलं आणि दोघांना एकाच डब्यातला लाल रंग फासला. शेवटच्या दिवशी डोळ्यांत पाणी, चष्मा खिशात. आजोबा समजून पिशवीत घातलं मला!

तेव्हापासून या कपाटात कोंडलोय. शेजारी तेलाची रिकामी झारी आणि एक बंद घड्याळ. कुलूप बाहेरून, किल्ली साहेबांच्या घरच्या बाईंच्या जुडग्यात. पाहुणे आले की साहेब गोष्ट सांगतात. दर वेळी लाट हातभर वाढते. मी लाजून घड्याळावर आडवा होतो. बाई म्हणतात, "हे मेलं सारखं पडतं कसं?" तिकडे बोटीत माणसं बुडायची वेळ आली, तर आजोबांचा काही उपयोग नाही, हे ओरडून कुणाला सांगू?

काल लेक नाचतच आली. तीही इंजिनिअर. "बाबा, तुमचंच जहाज मिळालं! सोमवारी चढायचंय. लाइफबोटींची इंजिनं माझ्याकडे."

साहेबांनी बाईंकडून किल्ली घेतली, कपाट उघडून मला तिच्या हातात दिलं. "घे, याचा आशीर्वाद घे."

तिनं मला उलटंसुलटं केलं. "तुमच्या गोष्टीत हँडलची खाच तीनदा घसरते ना? याला खाचच नाही. पिन आहे."

"मला शिकवतेस? वीस वर्षं फिरवलंय मी हे!"

"आधी चष्मा लावा."

साहेबांनी चष्मा लावला. माझ्या पिनेवरून अंगठा फिरवला. मग हळूच मला परत कपाटात ठेवायला लागले. "अगं, बोटीला बटण आहे की आता. हे इथे शोभतंय, राहू दे."

"आणि बॅटरी मेली तर तिथे मी काय फिरवू बाबा, तुमची गोष्ट?"