चपलांचा खुलासा

मुरुडच्या आमच्या कार्यालयात नव्या फरश्या बसल्या आणि साहेबांनी हुकूम काढला: पादत्राणे दाराबाहेर काढावीत. आम्ही पंचवीस जणांनी काढली. मानसीने काढली नाहीत.

मानसी आमच्याकडे कारकून. चार वर्षांपूर्वी तिच्या वाडीवर दरड आली, घरातली ती एकटी वाचली. सरकारने नोकरी दिली आणि आम्ही अनुभव लक्षात घेऊन तिला आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल दिलं. तिने एकच मागितलं, दाराजवळची खुर्ची. पिशवी सदा खांद्याला, चपला पायात. बाहेर ट्रकने खडी ओतली की तिचं पेन अर्ध्या शब्दावर थांबे. काम मात्र चोख. तिच्या टेबलावर कागद शिळा होत नसे, याचा आम्हा जुन्या मंडळींना फार त्रास व्हायचा.

"म्याडम, काढा की चपला," शिपाई अंबाजी म्हणाला. "फरशी देवळापेक्षा म्हाग हाय."

"देवळातपण मी बाहेरूनच हात जोडते, अंबाजीभाऊ."

साहेबांनी तिला आत बोलावलं. "किती दिवस तेच धरून बसणार? जरा पुढे जायला शिका."

"शिकलेय ना साहेब. म्हणून तर दाराजवळ बसते."

साहेबांना विनोद कळत नसत. हा विनोद नाही, हेही कळलं नाही. "पुन्हा चपला दिसल्या तर तुमची खुर्ची रेकॉर्ड रूममध्ये जाईल," ते म्हणाले. रेकॉर्ड रूम म्हणजे मागची खोली. खिडकी नाही, आणि भिंतीपलीकडे कापलेला डोंगर.

त्याच आठवड्यात वरून आदेश आला, आपत्तीची रंगीत तालीम घ्या. भोंगा वाजताच इमारत दोन मिनिटांत रिकामी झाली पाहिजे. भोंगा वाजला. मानसी बाहेर पडली आणि घड्याळ घेऊन उभी राहिली. आम्ही पंचवीस जण दारात ओणवे होऊन आपापल्या चपला शोधत होतो. साहेबांचा डावा बूट कुणाच्या तरी पायात गेला होता, त्यामुळे साहेब थांबले, आणि साहेब थांबले म्हणून मागचे सगळे थांबले.

अहवाल मानसीने लिहिला: सात मिनिटे. कारण, दारात पादत्राणे.

"दोन लिहा," साहेब म्हणाले.

"सात झाली, साहेब."

दुसऱ्या दिवशी तिला नोटीस गेली: पादत्राणांसह कार्यालयात वावरणे आणि वरिष्ठांच्या आधी इमारत सोडणे. मसुदा माझा. मोठ्या साहेबांनीसुद्धा माझ्या मसुद्यात कधी चूक काढलेली नाही.

तिचा खुलासा तीन ओळींचा होता. 'दरड आली तेव्हा मी उंबऱ्याबाहेर होते. आई आत चपला शोधत होती. म्हणाली, तू हो पुढे, मी आलेच.'

साहेबांनी वाचला. शेरा मारला, 'खुलासा विषयाला धरून नाही.' अंबाजीने खुर्ची उचलून मागे नेऊन ठेवली.

मानसी त्या खोलीत अकरा मिनिटं बसली. मग उठली. आवरायचं काहीच नव्हतं. पिशवी खांद्याला होती, चपला पायात. स्टँडवर अलिबागची गाडी लागलेली होती, तिच्यात जाऊन बसली. नोकरीवर परत आली नाही.

अहवाल मी नव्याने लिहिला. दोन मिनिटे. वरून अभिनंदनाचं पत्र आलं, ते साहेबांनी दारावर लावलंय. खाली चपला असतात, त्यामुळे जवळ जाऊन वाचता येत नाही.