इद्वालची आखूड बाही

मित्रांनो, मी एका शिलेदाराचा जुना चिलखती अंगरखा आहे, पण माझ्यात लोखंड गुंजभरही नाही. मी लोकरीचा आहे. आमच्या डोंगरावरच्या मेंढ्यांची लोकर इतकी राठ असते की तिचे मोजे कुणी घालत नाही, गालिचेच करतात. लांबून पाहिले तर मी लोखंडी कड्यांचा वाटतो. जवळून पाहू नका, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझा जन्म वेल्समधल्या एका खाणीच्या गावात झाला. इथली छपरे पाटीच्या दगडाची आणि कुंपणेही पाटीच्याच दगडाची. गावाच्या वर एक तळे आहे. त्याच्या पलीकडच्या कड्यात आर्थर राजाचे शिलेदार झोपले आहेत, हाक आली की उठतील, असे इथे सांगतात. खरे कुणी मानत नाही, पण तळ्याकाठी मोठ्याने बोलतही नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी टीव्हीवाले इथे आले. त्यांना आर्थर राजाच्या गोष्टींची मालिका करायची होती. खरी चिलखते अंगावर जड होतात, शिवाय ती खणखणली की बोलणे ऐकू येत नाही. म्हणून ती लोकरीची विणायची आणि वरून काळा रंग देऊन रुपेरी ब्रश फिरवायचा, असे ठरले. हे काम गावच्या चॅपलमधल्या, म्हणजे छोट्या चर्चमधल्या, बायकांकडे आले. त्यांची म्होरकी होती एलुनेड, शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी आणि पोरे दोन्ही घासूनपुसून ठेवणारी बाई. तिचा शिरस्ता असा, की प्रत्येकीने आपापला तुकडा घरी न्यायचा, विणायचा आणि बुधवारी चॅपलच्या मागच्या खोलीत आणून जोडायचा. मोजपट्टी कुणी वापरत नसे. ओळी मोजायच्या, बास.

मी इद्वाल नावाच्या शिलेदारासाठी होतो. माझी छाती, पाठ आणि डावी बाही एलुनेडने विणली. उजवी बाही विणली तिच्या धाकट्या बहिणीने, मायरने. मायर विणताना लोकरीचा धागा करंगळीला दोन वेढे देऊन धरायची. त्यामुळे तिचा टाका घट्ट बसे. दोघींनी सत्तर सत्तर ओळी घातल्या. बुधवारी मला टेबलावर पसरले, तेव्हा उजवी बाही चार बोटे आखूड निघाली.

"मायर, सत्तर घातल्यास ना?" एलुनेडने विचारले.

"मोजून घे. सत्तर म्हणजे सत्तर."

"मग या इद्वालचा एक हात काय उन्हाळ्यात वाढला आणि एक हिवाळ्यात?"

"माझी बाही नीट आहे. तुझीच लोंबतेय. तुझा हात पहिल्यापासूनच सैल."

खोलीतल्या बायका हसल्या. एलुनेडला हसू आले नाही. "उसव ती. पुन्हा घाल," ती म्हणाली.

"उसवायची नाही," मायर म्हणाली आणि चहा ओतायला गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो यायचा होता. वेळ नव्हता. मला तसेच रंगवले आणि मी तसाच गेलो.

माझ्यात शिरला तो तुदुर. पूर्वी खाणीत काम केलेला, लांब हातांचा उंच माणूस. तळ्यावरचा वारा त्याच्या उघड्या मनगटाला चावायचा. म्हणून तो बोलण्याआधी डाव्या हाताच्या दोन बोटांनी उजवी बाही खाली ओढायचा. बाही काही खाली यायची नाही. तो पुन्हा ओढायचा आणि मग बोलायचा. कुणी त्याला थांबवले नाही. पाहता पाहता ती इद्वालची खूण झाली. रविवारी संध्याकाळी मालिका लागायची आणि सोमवारी शाळेत पोरे उत्तर देण्याआधी उजवी बाही ओढायची. आयांनी तक्रारी केल्या, की गणवेशाच्या एकाच बाजूच्या बाह्या सैल होतात.

"बघ," मायर बहिणीला म्हणायची, "साऱ्या देशाला माझी बाही आवडली."

"देशाला विणकाम कळत नाही," एलुनेड म्हणायची.

शेवटच्या भागात इद्वाल तळ्यावरच्या धुक्यात निघून जातो. राजा त्याला हाक मारतो. इद्वाल वळत नाही. फक्त बाही ओढतो आणि नाहीसा होतो. तिथेच मालिका संपली.

मित्रांनो, एक गंमत सांगतो. राजाचा तो दरबार प्लायवुडचा होता आणि बर्फ कागदाच्या कपट्यांचा. मला ते ठाऊक होते. तरी आज आठवताना त्या दरबारातल्या शेकोटीची ऊब मला जाणवते, राजाचा हात खांद्यावर पडल्याचे आठवते, आणि तो हात कुठल्या नटाचा होता ते आठवत नाही. धुके तेवढे खरे होते. त्या धुक्यात शिरताना मला वाटले, की मी खरोखरच कुठेतरी चाललो आहे. त्यातून मी पुरता बाहेर आलो की नाही, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

मालिका संपल्यावर सामान निकालात निघाले. एलुनेडने मला मागून घेतले. "ती बाही एकदा नीट करते, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता," असे ती सगळ्यांना सांगत होती. पण त्याच हिवाळ्यात मायर गेली. आठ दिवस ताप आला आणि गेली. त्यानंतर एका दुपारी एलुनेडने मला मांडीवर घेतले. उजव्या बाहीच्या कडेला धाग्याचे टोक शोधून काढले. ते ओढले असते तर सगळी बाही सरसर उसवली असती. तिने ते टोक बोटांत धरले आणि खिडकीबाहेर अंधार पडेपर्यंत धरून ठेवले. मग सुईने ते आत खोचून टाकले.

पुढे दहा नाताळ मी चॅपलच्या येशूजन्माच्या नाटकात दुष्ट हेरोद राजाच्या शिपायाच्या अंगावर होतो. माझा रुपेरी रंग उडाला. कोपराला कसर लागली. मग पोरांना नवे पोशाख आले. एका वर्षी झाडलोट करणाऱ्या बाईने माझी वळकटी केली, दोन ठिकाणी दोरीने बांधली आणि मला मागच्या खोलीच्या दाराशी टाकले. दाराखालून वारा यायचा, तो मी अडवायचा. एलुनेडने पाहिले. तिचे तोंड उतरले, पण "वारा तरी अडतोय," एवढेच म्हणाली.

शिलेदाराचा अंगरखा पायपुसण्याच्या शेजारी! मला फार वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? अठरा वर्षे मी तिथे होतो. प्रार्थनेची गाणी आतून यायची आणि वारा बाहेरून. कधी कधी त्या वाऱ्याला तळ्याचा वास यायचा. मग मी निम्मा जागा, निम्मा झोपेत असा असताना मला वाटायचे, की इद्वाल अजून धुक्यात चालतो आहे, आणि त्याच्या अंगात मी नाही, म्हणून त्याला गारठा लागतो आहे.

या वर्षी टीव्हीवाले पुन्हा आले. आर्थर राजाची गोष्ट ते नव्याने सांगणार होते आणि तिच्यात इद्वाल परत येणार होता. तुदुर आता या जगात नव्हता. इद्वाल झाला होता गेथिन, सव्वीस वर्षांचा, दक्षिणेकडच्या एका बस ड्रायव्हरचा मुलगा. हे त्याचे पहिलेच मोठे काम. त्याला अॅल्युमिनियमच्या बारीक कड्यांचे नवे चिलखत बनवले होते. अंगासरसे, दोन्ही बाह्या सारख्या.

प्रसंग एवढाच होता. तळ्याच्या बांधावरून, धुक्यातून, एक शिलेदार चालत येतो. चेहरा शिरस्त्राणात झाकलेला, तोंडात एक शब्द नाही. तरी काठावर उभ्या राजाने त्याला ओळखायचे आणि घरी बसलेल्या लोकांनीही. दोन दिवस चित्रीकरण झाले, पण ते काही जमेना. जेवायला सगळे आमच्या मागच्या खोलीत येत. तिथे दिग्दर्शिका नेरिस आणि गेथिन यांचे बोलणे मी दाराशी पडल्या पडल्या ऐकले.

"चालतोस चांगला," नेरिस म्हणाली. "पण कोण चाललंय ते कळत नाही."

"मी बाही ओढतो ना, त्याच्यासारखी. जुने भाग वीसदा बघितलेत मी."

"तेच तर. ओढायचं काही नाहीये आणि तू ओढतोयस. नक्कल वाटते रे. चिडवल्यासारखं वाटतं."

गेथिनने सुपाचा वाडगा बाजूला सारला.

"उद्या सकाळी शेवटचं," नेरिस म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता. "नाही जमलं तर इद्वालचं परत येणंच काढून टाकते. एक दूत येऊन सांगेल, इद्वाल वारला म्हणून. लोक इतकी वर्षं वाट बघतायत, त्यांच्यापुढे भलताच कुणी उभा करण्यापेक्षा ते बरं."

म्हणजे दूताच्या एका वाक्यात इद्वालही संपणार होता आणि गेथिनचे कामही.

सगळे गेले. गेथिन दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिला. एलुनेड कप गोळा करत होती. आता ती एक्याऐंशी वर्षांची आहे. गावातली मुले तिला नैन म्हणतात, म्हणजे आजी. तिने 'बारा ब्रिथ' नावाच्या, मनुका घातलेल्या इथल्या गोड पावाची जाड फोड त्याच्यापुढे ठेवली. वर लोणी होते.

"खा. रडायचं असेल तर खाऊन रड."

"रडत नाहीये नैन."

"मग पाय काढ. इद्वालच्या छातीवर ठेवलायस."

त्याला आधी काही कळेना. मग तो खाली वाकला. त्याने दोऱ्या सोडल्या. अठरा वर्षांची धूळ उडाली, दोन मेलेले कोळी पडले. त्याने मला उजेडाकडे धरले.

"हा तोच?"

"तोच. उजवी बाही आखूड आहे. माझी नाही ती, बहिणीची. मी सांगितलं होतं तिला उसव म्हणून."

त्याने मला अंगात घातले. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या आत कुणाचे तरी काळीज धडधडत होते! माझी झोप उडाली. दार उघडे होते. त्याच्या उघड्या मनगटाला वारा लागला आणि त्याची दोन बोटे आपोआप बाहीकडे गेली. या वेळी तो नक्कल करत नव्हता. त्याला थंडी वाजत होती.

एलुनेड कपबशा तशाच टाकून खाली बसली.

सकाळी पोशाखवाल्या बेथानने मला पाहिले आणि कपाळाला हात लावला. "नेरिस, आताच्या कॅमेऱ्यात टाका न् टाका दिसतो. लोक म्हणतील, इद्वाल आजीचा स्वेटर घालून आला."

"धुक्यात दिसेल?"

"धुकं विरलं की दिसेल."

"विरायच्या आत आण त्याला."

आम्ही बांधाच्या टोकाला तासभर उभे होतो. धुके अंगाला लागत होते आणि मी ते पीत होतो. लोकरीचा हा गुण अॅल्युमिनियमला कुठून येणार? मी भिजत गेलो, जड होत गेलो. गेथिनचे खांदे हळूहळू खाली आले. इशारा झाला आणि तो चालू लागला, तेव्हा नव्या चिलखतातली त्याची ती टकटक चाल कुठल्या कुठे गेली होती. एकेक पाऊल त्याला उचलून ठेवावे लागत होते. अठ्ठावीस वर्षे चालत आलेला माणूस असाच चालेल. मध्यावर वारा आला. त्याने बाही ओढली. ती काही खाली आली नाही. त्याने पुन्हा ओढली.

आवाज टिपणारा म्हातारा जुन्या मालिकेतही होता. त्याच्या हातातली माइकची लांब काठी खाली झुकली. राजाला त्या प्रसंगात वाक्य नव्हते, तरी तो हळूच म्हणाला, "इद्वाल." आणि आम्ही थांबलो. त्या वेळी माझ्या आत गेथिन होता, तुदुर होता की तिसराच कुणी, ते मला खरेच माहीत नाही. पांढऱ्या धुक्यातून कुणीतरी घरी आले होते, एवढे मला कळले. "कट" म्हणायला नेरिसला फार उशीर झाला.

इद्वाल मालिकेत राहिला. गेथिन तर अजून चार भागांत आहे. पण मी रोजच्या कामाला टिकणार नव्हतो, म्हणून माझ्यासारखा दुसरा विणायचे ठरले. बेथान लोकर घेऊन एलुनेडकडे आली.

"उजव्या बाहीच्या ओळी किती कमी करायच्या, नैन?"

"एकही नाही. सत्तर."

"मग आखूड कशी होणार?"

एलुनेडने ती बाही स्वतःकडे ठेवून घेतली. पहिल्यांदा विणली, ती लांब झाली. हात सैलच तिचा. तिने ती उसवली. शेवटी तिने धागा उचलला आणि करंगळीला दोन वेढे दिले. सुजलेल्या सांध्यांना ते सोसत नव्हते. तरी रोज दुपारी दहा ओळी, अशी ती विणत राहिली. सातव्या दिवशी तिने नवी बाही माझ्या जुन्या बाहीवर ठेवली. दोन्ही कडा बरोबर जुळल्या.

तिने दोन्ही बाह्यांच्या ओळी एकेक करून मोजल्या. मग माझ्या आखूड बाहीवरून हात फिरवत म्हणाली, "सत्तर म्हणजे सत्तर, मायर. तुझंच बरोबर होतं."

आता मी त्याच दाराच्या वर, खुंटीला असतो. खाली वारा अडवायला जुन्या पडद्याची वळकटी आली आहे. मला सांभाळा असे मी म्हणत नाही, मला सांभाळणारी माणसे मिळाली. पण मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू वेडीवाकडी दिसली, तर तिला लगेच सरळ करायला जाऊ नका. ती कुणाच्या हातची आहे, ते आधी विचारा. आणि तो हात अजून घरात असेल, तर आजच विचारा.