कुठले गायकवाड?

‘कुठले गायकवाड?’ असं कुणी विचारलं, की हसायचं आणि पुढं चालायचं. यामिनीच्या घरातला हा नियम. का, ते विचारायचं नाही. मला तो पाठ आहे, कारण त्या घराच्या दाराआडच मी उभी असते. मी काठी बोलतेय, डोंगर चढायची काठी.

जर्मनीतल्या टाउनुस डोंगररांगेच्या उतारावरचं ओकचं रोपटं होते मी. एका जर्मन म्हाताऱ्यानं मला तासलं. चढलेल्या प्रत्येक डोंगराचा पत्र्याचा बिल्ला तो माझ्या अंगावर ठोकायचा. इथली रीतच ती. मी कुठली, कुठं कुठं गेले, सगळं अंगावरच लिहिलेलं. लपवायचं असतं, हे मला पुढं माणसांत कळलं.

म्हाताऱ्याचे गुडघे गेले, तेव्हा बाड हॉम्बुर्ग गावच्या जुन्या बाजारात नामदेव गायकवाडांनी मला उचललं. ते र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. भला माणूस. दर हिवाळ्यात मला जवसाचं तेल लावतात.

२०१४च्या ऑक्टोबरात मराठी मंडळाची माणसं डोंगरावर निघाली. नामदेवांबरोबर पत्नी अरुणा आणि बर्लिनला शिकणारी लेक यामिनी. ओकच्या रानातून चढताना मंडळाच्या उल्हासकाकांना धाप लागली होती, तोंड मात्र थांबत नव्हतं.

“गायकवाड म्हणजे बडोद्याचे ना तुम्ही?”

नामदेव हसले.

“वाटलंच मला! राजघराणं!”

नामदेव पुढं चालले. यामिनीनं एक दगड लाथेनं उडवला.

वर डोंगराच्या धारेवर नुसती खुरटी झुडपं. तिथं सगळे टेकले, डबे उघडले.

“अहो गायकवाड, या देशात एक बरं आहे बघा,” काका म्हणाले. “कोटा नाही. आपण सगळे कसे मेरिटवर आलेलो!”

नामदेव पुन्हा हसले. मी त्यांच्या हातात होते. तो हात हसत नव्हता.

“बाबा, हसलात कशाला?” यामिनीनं विचारलं.

“यामिनी, काकांना चटणी दे,” अरुणाबाई घाईनं म्हणाल्या.

“नाही आई. मला हे हसणं जमणार नाही.” ती काकांकडे वळली. “काका, आम्ही बडोद्याचे नाही. आम्ही बौद्ध. बाबा कोट्यातूनच इंजिनीअर झाले. तुमची गाडी त्यांच्याच कारखान्यातली, ब्रेक त्यांच्या टीमनं तपासलेले. येताना वळणावर लागले ना नीट?”

उल्हासकाका खालच्या गावाकडे बघू लागले. अरुणाबाईंनी चटणीचं झाकण लावलं. नामदेवांनी मला गुडघ्यांवर आडवं घेतलं आणि मान वर करून लेकीकडे पाहिलं.