चाकाला साखळी

आमच्याकडे थंडी म्हणजे सीझन. नोव्हेंबर ते मार्च अख्खं कतार समुद्रावर लोटतं, आणि अल वक्राचा किनारा रोज सकाळी ट्रॅक्टरने विंचरून घ्यायचं काम माझ्या माथी. म्हणून ट्रॅक्टर ड्रायव्हरांना थंडीत सुट्टी नाही. हा नियम काही मी केला नव्हता, पण राबवला मात्र इमानेइतबारे.

अब्बास कारगिलकडचा. त्याची बायको हजरा जानेवारीत बाळंत होणार होती, म्हणून त्याने सुट्टी मागितली. गावापासून दवाखाना वीस किलोमीटर आणि मध्ये नुसता बर्फ. त्यातून जातो तो फक्त अब्बासच्या घरचा ट्रॅक्टर, तोही चाकांना साखळ्या चढवल्यावर. अन् त्या नीट चढवता येतात त्याला एकट्याला.

"भाई को फोन पे सिखा दो ना," असं म्हणून मी अर्ज नामंजूर केला. माझ्यासारख्या नाशिकच्या माणसाला बर्फातलं काय कळतंय.

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सात वाजता अब्बासने ट्रॅक्टर वाळूत मध्येच थांबवला. मी तणतणत गेलो. व्हिडिओ कॉलवर त्याचा भाऊ रिफत होता. हजराला कळा सुरू झाल्या होत्या. ट्रॉलीत गाद्या घालून तिला निजवलं होतं, पण रिफतने चढवलेली साखळी गावाबाहेर पडताच सुटली होती.

"साहब, जरा फोन पकडेंगे?"

मी पकडला. अब्बासने साखळीऐवजी एक दोर घेतला आणि आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर वरून सोडला. आतलं टोक आधी बांधलं, मग बाहेरचं. चाक थोडं पुढे घेऊन दोर पुन्हा ताणला. त्यांच्या भाषेत तो लहान मुलाला समजवावं तसं हळू बोलत होता. तिकडे रिफतची गारठलेली बोटं साखळीचा आकडा धरेनात आणि मागून हजराचं कण्हणं ऐकू येत होतं. फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले. अडीच हजार किलोमीटरवरच्या त्या चाकाला माझा हात पोचणार नव्हता. इतकं हतबल मला कधीच वाटलं नव्हतं.

अखेर साखळी बसली. ट्रॅक्टर हलला आणि फोन कट झाला.

"बीच बाकी है, साहब," म्हणत अब्बास सीटवर चढला. तो वाळू विंचरत असताना मी मोबाईलवरूनच त्याची सुट्टी मंजूर केली. वरातीमागून घोडं. त्याला ते सांगायचीही मला लाज वाटली.

अकराला रिफतचा फोन आला. अब्बास नुसता ऐकत राहिला, मग त्याने मला सांगितलं. हजरा दवाखान्यात होती, ती वाचेल. मुलगी वाटेत ट्रॉलीतच झाली आणि थंडीने तिथेच गेली. अर्धा तास आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले होते.

तो मला चार शिव्या देईल तर बरं, असं वाटत होतं.

अब्बासने फोन खिशात ठेवला.

"आपने फोन जरा भी हिलने नहीं दिया, साहब," तो म्हणाला. "शुक्रिया."