फरक फक्त सत्तावीसचा

मोठे साहेब, चूक माझ्या ताईच्या हातून झाली, पण त्या चुकीला वाट तुम्ही करून दिलीत.

तुमच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या प्रत्येक नळीला दहा आकडी क्रमांक असतो. नऊनं भाग जाणारा. एक क्रमांक दिला की त्यात नऊ मिळवून पुढचा. मधले कुणाचेच नाहीत. नऊनं भाग न जाणारा क्रमांक टाइप केला, तर संगणक ओरडतो. ओरडला नाही तर काम चोख, असं तुम्हीच शिकवलंत.

आमचं टेबल खिडकीपाशी. मी नळीवरचे आकडे जोडीजोडीनं वाचते, ताई निकाल चढवते. त्या दिवशी मी वाचलं, “चाळीस, एकाहत्तर, ब्याऐंशी, एकोणसाठ, त्रेसष्ट.” त्रेसष्टमध्ये तीन आधी कानावर पडतात, सहा मागून. ताईच्या बोटांनीही तीन आधी दाबले. ४०७१८२५९६३ चं झालं ४०७१८२५९३६.

ताई जरा थांबली. “परत वाच गं.”

“ओरडला का तो? नाही ना? मग कशाला उगाळत बसतेस? चल पुढे, चहा थंड होतोय.”

“तू भारी खाष्ट सासू होणार बघ,” ती हसली आणि पुढे गेली.

छत्तीसवाला एक ड्रायव्हर होता. भलता निकाल त्याच्या नावावर चढला. त्याला धावतपळत बोलावून परत रक्त घेतलं, काही निघालं नाही, त्याला घरी धाडलं. तो निकाल मग कुणाचा, हे कुणीच विचारलं नाही. त्रेसष्टवाली शिंपीण होती. बोलावणं नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून ती शिवत राहिली आणि मशीनवरच कोसळली. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. ताई रोज जाऊन तिच्या वॉर्डाबाहेर उभी राहते. आत जायची हिंमत होत नाही.

मी गणित मांडून ताईपुढे ठेवलं. “हे बघ, आकडे कसेही फिरव, बेरीज पंचेचाळीसच. बेरजेला नऊनं भाग जातो, म्हणून क्रमांकालाही जातो. दोघांत फरक सत्तावीसचा, म्हणजे रांगेतला तिसराच माणूस! आकडे उलटले की ते रिकाम्या क्रमांकावर पडतच नाहीत, नेमके कुणाच्या तरी डोक्यावर पडतात. नऊऐवजी अकरा असते, तर शेजारचे दोन आकडे उलटताच संगणक बोंबलला असता.”

ताई भांडी विसळत होती. “नऊनं टाइप नाही केलं. मी केलं.”

“आणि ‘चल पुढे’ कोण म्हणालं?”

तिनं वळून पाहिलं नाही. “ते कुठे बोलू नकोस. दोघी घरी बसलो तर आईच्या औषधांचं काय?”

सोमवारी तुम्ही तिची सही घेणार आहात: निष्काळजीपणा माझा एकटीचा. त्यातलं ‘एकटीचा’ खोटं आहे. तिथे मीही आहे. ती थांबली होती, मी तिला ढकललं. झोपायला गेले की मला माझाच आवाज ऐकू येतो, चहा थंड होतोय म्हणणारा. माझं मी निस्तरेन. हे लिहिल्यावर मला काढाल, काढा.

पण तिथे तुम्हीही आहात. अकराचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, की ठाऊक असून कोण कटकट करतो म्हणून सोडून दिलंत? ताईनं सही करायच्या आधी सांगा. मला नको, त्या शिंपिणीच्या खाटेपाशी जाऊन सांगा. कधी येताय?