घरापुरता पत्ता

"म्हणजे आम्हाला बाहेर जाता येतं, पण बाहेरच्याला आत येता येत नाही?" काकूंनी विचारलं.

इंटरनेटची जोडणी करणारा तरुण स्टुलावरून खाली उतरला. "तसंच म्हणा, काकू. आधी इंटरनेटवर तुमच्या घराला स्वतःचा पत्ता होता. आता कंपनीनं अख्ख्या गल्लीला मिळून एकच दिलाय. ताई तिकडून कॅमेरा उघडतात, पण त्यातलं तुमचं घर कुठलं, हे कळणार कसं?"

काका अंथरुणाला खिळलेले, वाचाही गेलेली. दूरदेशी नोकरी करणारी मुलगी कामातून उसंत मिळाली की कॅमेऱ्यातून डोकावायची. ती बघू लागली की कॅमेऱ्यावरचा हिरवा दिवा लागे आणि काका दोन बोटं उचलत. फोनच्या घंटीनं मात्र ते दचकत, डोळे घट्ट मिटून घेत.

काकू कंपनीच्या कार्यालयात गेल्या. साहेब सज्जन होता. त्यानं बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. घरात माणसं दोन, एक फोन, एक कॅमेरा. एवढ्याशा संसाराला स्वतंत्र पत्ता कशाला लागतो, असं त्याचं म्हणणं. तसा पत्ता फक्त व्यवसायवाल्यांना मिळे. आपला काही व्यवसाय आहे का, हेही त्यानं विचारून पाहिलं.

"नवऱ्याचं करते," काकू म्हणाल्या.

साहेबानं मान खाली घातली. पण नियम काही त्याच्या हातातला नव्हता.

काका बरेच दिवस त्या दिव्याकडे डोळे लावून पडून असत. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं ते फिरवलंच. मुलगी रजा काढून पोचली, तोवर सगळं आटोपलं होतं.

उन्हाळा सरता सरता तोच तरुण पुन्हा दारात उभा राहिला. स्वारी खुशीत होती. कंपनीला उशिरा का होईना शहाणपण सुचलं होतं. आता दर घराला पत्त्यांची रासच मिळणार होती.

"चमच्या-वाट्यांना एकेक वाटलात तरी संपायचे नाहीत, काकू." बोलता बोलता त्यानं राउटर बदलला आणि शिडी लावून वर चढला. "आधी कॅमेरा जोडतो. काका वाट बघत असतील."

"हे गेले रे."

त्याचा हात थांबला. गुंडाळून ठेवलेली गादी त्याला आत्ता दिसली.

"मग... काढून टाकू?"

"नको. जोड," काकू म्हणाल्या.

त्यानं जोडला. जाताना शिडी त्यानं दोन्ही हातांनी उचलली आणि ती भिंतीला, चौकटीला कुठेही न लागू देता, आत कुणी झोपलेलं असावं तशी, अलगद बाहेर नेली.