न लागणाऱ्या किल्ल्यांची पेटी

मी पेटी बोलतेय. कपड्यांची नाही, दागिन्यांची तर नाहीच. जाड पारदर्शक प्लॅस्टिकची, आतलं सगळं दिसेल अशी, आणि कडीला पितळी कुलूप. या कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा माझ्याबरोबरच करून घेतला गेला. करणाऱ्याने डोकं खाजवत विचारलंही, की लागणारी एक पुरे असताना या कशाला? त्याच कामाच्या आहेत, असं बाईंनी सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि करून दिल्या.

बाई म्हणजे लहान मुलांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापिका. त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिणारी एक मुलगी होती. येणारी सगळी पोरं तिला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

खेळ असा. मुलाने आवडीचं खेळणं निवडायचं, बाईंनी ते माझ्या पोटात ठेवून कुलूप लावायचं, नको तो जुडगा त्याच्या हाती द्यायचा आणि बाहेर जायचं. घोडं अडलं की पोर काय करतं, ते कॅमेऱ्याने टिपून शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर बघायचं. कुणी मला आपटलं, कुणी कुलपाला चावलं. एका पठ्ठ्याने तर मला सरळ उचलून घरी न्यायचा घाट घातला! रडू आलं किंवा 'पुरे' म्हटलं, की खेळ तिथेच थांबवायचा, हा नियम. नाही तर वेळ संपल्यावर बाई आत येऊन म्हणायच्या, "अगंबाई, मी चुकीच्याच किल्ल्या दिल्या की!" मग खरी किल्ली, खेळणं, आणि पोर हसत घरी. कुणी स्वतःला कमी समजून जाऊ नये म्हणून ते वाक्य ठेवलेलं. मलाही त्यात काही खटकत नव्हतं.

मग एक दिवस वडिलांचं बोट धरून ती आली. असेल चारेक वर्षांची. तिने कापडी कासव निवडलं. वडिलांनी संमतिपत्रावर सही केली आणि ते शेजारच्या खोलीत जाऊन बसले.

एकेक किल्ली ती सावकाश लावून बघायची आणि बाजूला ठेवायची. सगळ्या झाल्या की पुन्हा पहिलीपासून. आदळआपट नाही, रडणं नाही. पण तिचे तळवे घामाने ओले झाले होते, किल्ली बोटांतून निसटत होती. पडद्यावर ते कसं दिसणार? मला मात्र कळत होतं. मध्येच दाराकडे बघायची आणि हळूच मला म्हणायची, "उघड ना गं. मी नीट करतेय ना?" माझं काळीज असतं तर पिळवटलं असतं.

तिकडे ताई हरखून गेली होती. इतकी चिकाटी एकाही मुलात दिसली नव्हती, आणि तिच्या प्रबंधाला नेमकं असंच उदाहरण हवं होतं. रडणाऱ्या पोराचं काय करायचं ते नियमात होतं. न रडणाऱ्याबद्दल नियम मूग गिळून बसला होता.

वेळ संपली. बाई आत आल्या, नेहमीचं वाक्य म्हणाल्या. पोरीने त्यांच्याकडे नीट बघितलं, जवळ जाऊन त्यांच्या हातावर हात ठेवला.

"तुला कोणी रागावेल का? मी नाही सांगणार कोणाला."

बाईंनी तिच्यासमोर फरशीवरच बसकण मारली. म्हणाल्या, "माझी चूक नव्हती झाली. त्या लागणार नाहीत, हे मला माहीत होतं."

पोरीने हात काढून घेतला. "मला वाटलं, मलाच येत नाही."

बाईंनी खरी किल्ली लावून मला उघडलं. कासवाला तिने हातही लावला नाही.

बाई तिला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. पडद्यावर तिचंच चित्रण दाखवून त्यांनी विचारलं, हे आम्ही ठेवू का? ती म्हणाली, "नको." वडील ओशाळले. अहो, ठेवा की, सही केलीय ना मी, तिला काय कळतंय, असं म्हणू लागले.

"तुम्ही हो म्हणालात," बाई म्हणाल्या, "पण ती नाही म्हणतेय."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. असं उदाहरण पुन्हा मिळायचं नाही, असं ती काकुळतीने म्हणाली. नाही मिळायचं, हे बाईंनीही कबूल केलं. शेवटी ताईनेच पोरीला शेजारी बसवून ते चित्रण पुसून टाकलं.

"गेलं?"

"गेलं."

"सगळं?"

"सगळं."

तेव्हा कुठे ती माझ्याकडे आली. कासव बाहेर काढलं, थोडा वेळ खेळली. मग ते परत आत ठेवून मला कुलूप लावलं आणि तो जुडगा ताईपुढे धरला. "यातली एकही लागत नाही हं, आधीच सांगते. तरी करून बघतेस?"

ताईने एकेक करून सगळ्या लावून बघितल्या.

तो अभ्यास बाईंनी तिथेच थांबवला. आता नवा चालू आहे. किल्ल्या कदाचित लागतील, कदाचित नाही लागणार, हे मुलांना आधी सांगतात, आणि एक मोठं माणूस खोलीतच बसतं. काही पोरं दारातूनच 'नको' म्हणतात आणि घरी जातात. निकाल पूर्वीसारखे ठळक येत नाहीत, ताईचा प्रबंधही लांबला. माझ्या कडा झिजल्यात, प्लॅस्टिक पिवळं पडलंय, पण काम चालू आहे.

आता रजा घेते. एवढंच सांगते, की घरात एखादं पोर न रडता, न बोलता काही करत बसलं असेल, तर त्याला शहाणं म्हणण्याआधी जवळ जाऊन त्याचा हात हातात घ्या. ओला आहे का, बघा.